झुंबर जमादाराचं शेवटचं पान

शेवटच्या पानावर चोर पाटलाच्या घोड्यावर बसून भिंतीवरून उडी मारून पळाला होता, आणि झुंबर जमादार हातात कंदील धरून नुसता बघत उभा होता. पान बत्तीस. त्याच्यापुढे काही नाही. मी स्क्रीनवर पान मोठं केलं, खालचा कोपरा तपासला, सगळ्या फाइली पुन्हा मोजल्या. 'समाप्त' कुठेच नव्हतं.

बाकी प्रत्येक अंकाच्या शेवटी ते होतं. एका छोट्या चौकटीत जमादाराचा मिशीवाला चेहरा आणि त्याच्या बाजूला वळणदार अक्षरांत 'समाप्त'. हाच एक अंक लंगडा होता.

"सर, शेवटच्या गोष्टीचा शेवट नाहीये," मी आमच्या अविनाश सरांना सांगितलं.

"क्रमशः असेल, ताई."

"क्रमशः असतं तर तसं लिहिलं असतं. आणि मग पुढचा अंक कुठाय?"

पुढचा अंक नव्हताच. 'घोड्याची चोरी' हा झुंबर जमादाराचा शेवटचा कॉमिक अंक. त्यानंतर मालिका बंद पडली होती.

मी प्रीप्रेसचं काम करते. म्हणजे लेखकाने लिहिल्यापासून ते मशीनवर कागद चढेपर्यंत मधली जी सगळी खटपट असते, ती माझी. चिकलठाण्याच्या प्रेसमध्ये आयुष्य गेलं. आता रिटायर झाले, पण अविनाश सरांचं छोटं प्रकाशन आमच्या पुंडलिकनगरातच आहे, त्यामुळे घरी बसून नवऱ्याशी वाद घालण्यापेक्षा मी तिथे जाते.

झुंबर जमादाराचे जुने अंक एकत्र करून दोन जाडजूड खंड काढायचे, ही कल्पना सरांची. लहानपणी एसटी स्टँडवर त्यांनी हे अंक वाचले होते. लिहिणारे नारायण गव्हाणे, म्हणजे सगळ्यांचे नाना. वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरला कामाला होते आणि सेकंड शिफ्टला, माल येत नसेल तेव्हा, गोष्टी लिहायचे. चित्रं रशीद पेंटर यांची. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, पण घोडा काढला तर तो कागदावरून उतरून चालू लागेल असं वाटायचं.

पहिला खंड आला आणि हातोहात खपला. आता दुसरा. अडचण एकच होती. मूळ चित्रं कुठेच उरलेली नव्हती. ती जुन्या प्रकाशकाकडे होती, त्याचं गुलमंडीवरचं दुकान बंद पडलं तेव्हा कुठे गेली कुणास ठाऊक. त्यामुळे आम्ही छापलेल्या अंकांवरूनच स्कॅन करत होतो. हे काम बाहेरून वाटतं तेवढं सोपं नाही. छापलेलं रंगीत चित्र म्हणजे बारीक ठिपके असतात. ते स्कॅन करून परत छापायला गेलं की जुने ठिपके आणि नवे ठिपके एकमेकांत अडकतात आणि जमादाराच्या गालावर मच्छरदाणी दिसायला लागते. ती घालवायची, पण रेघ बोथट होऊ द्यायची नाही. एकेका पानाला दुपार जायची.

नानांकडे स्वतःचे काही सुटे अंक होते, ते पहिल्या खंडात संपले. दुसऱ्या खंडाचे अंक मिळाले ते शहरातल्या एका जुन्या वाचनालयात. तिथे आठ-दहा अंक एकत्र शिवून, पुठ्ठा घालून एक बाइंड केलेलं पुस्तक ठेवलं होतं. 'घोड्याची चोरी' त्यात सगळ्यांत शेवटी होता. दुसरी प्रत आम्ही खूप शोधली. नाही मिळाली.

नानांना फोन केला. दुसऱ्या दिवशी ते बजाजनगरहून रिक्षा करून आलेच. पंचाहत्तरी ओलांडलेली, पण पायऱ्या धडाधड चढले. मी त्यांना पान बत्तीस दाखवलं. त्यांनी बघितलं आणि तोंड फिरवलं.

"हे मला काय दाखवू ऱ्हायलात? मला म्हाईत हाये."

"नाना, पुढचं पान कुठाय?"

"रशीदला इचारा. त्यानं खाल्लं."

मग सगळं बाहेर आलं. नानांनी गोष्टीला शेवट लिहिला होता, आणि लई भारी लिहिला होता असं त्यांचं स्वतःचंच म्हणणं. चोर पळतो, पण जमादार पाठलाग करत नाही. तो पाटलाच्या हौदावर जाऊन बसतो आणि बिडी पेटवतो. दिवस वर येतो. घोड्याची पाणी प्यायची वेळ होते आणि घोडा आपल्या सवयीने हौदावर परत येतो, पाठीवर चोराला घेऊन. चोराने लगाम ओढून ओढून हात सोलून घेतलेले असतात. समाप्त.

"हे लिवून दिलं आन मला कंपनीनं सहा म्हयने ट्रेनिंगला धाडलं पुण्याला," नाना सांगत होते. "परत आलो तर दुकानाला कुलूप. परकाशक गायब. माझा अंक बी नाय मिळाला मला. मंग ह्याच वाचनालयात येऊन बघितला अंक. चोर पळून गेला, आन खेळ खतम. माझा शेवट कापला रशीदनं. आळस केला आन सोडून दिलं."

"तुम्ही त्यांना विचारलं नाही?"

"इचारलं की. म्हणतो, म्या सगळं काढलं, जा बाजारात बघ. म्या म्हणलो, माझ्या डोळ्यानं बघून आलोय. मला लबाड ठरवतो काय? तवापासून त्याच्या दारात पाय नाय ठेवला."

मला हे ऐकून वाईट वाटलं, पण खरा धक्का पुढे होता. नानांनी दुसऱ्या खंडासाठी मनोगत लिहून आणलं होतं. त्यात शेवटी साफ लिहिलं होतं, की चित्रकाराने या गोष्टीचा शेवट परस्पर गाळला, आणि तो आता नव्या चित्रकाराकडून काढून घेऊन देत आहोत.

अविनाश सरांना ते पटलं. त्यांच्या ओळखीत टॅबलेटवर चित्रं काढणारी एक मुलगी होती, तिच्याकडून पान दोन दिवसांत मिळालं असतं. प्रेसची तारीख घेतलेली, कागद येऊन पडलेला. मला मात्र ते मनोगत घशाखाली उतरेना. भांडणात माणूस काहीही बोलतो, ते हवेत जातं. पण पुस्तकात छापलं की ते राहतं. रशीद पेंटर जिवंत होते, उस्मानपुऱ्यात मुलीकडे राहत होते. आपल्या आयुष्याचं काम पुन्हा छापलं जातंय म्हणून ते पुस्तक उघडणार, आणि पहिल्याच पानावर आपण कामचुकार होतो असं वाचणार.

"सर, मला आठवडाभर द्या," मी म्हटलं.

"आठवड्यात काय होणार आहे, ताई?"

"ते मला माहीत नाही. पण प्रूफ मी पास करणार नाही."

हा माझा जुना हट्ट. प्रूफवर माझी सही नसेल तर पुस्तक पुढे जात नाही. सर चिडले, पण त्यांनी तारीख पुढे ढकलली.

मी उस्मानपुऱ्याला गेले. रशीदभाई खिडकीशी खुर्चीत बसले होते. ऐकायला कमी येतं, पण डोळे लख्ख. मी पान बत्तीसचा प्रिंट हातात दिला तसा त्यांनी सगळ्यांत आधी घोड्याच्या मागच्या पायावर अंगठा फिरवला.

"ये पाँव मैं दो बार मिटाया था," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "नाना ने भेजा क्या तुमकू?"

"नाही. त्यांना माहीतही नाही मी आलेय."

"हौ. वो कायकू भेजेगा."

"रशीदभाई, याच्यापुढचं पान काढलं होतं का तुम्ही?"

"निकाला था. तैंतीस पन्ने दिया मैं. उसकी कहानी खींचतान के बत्तीस में बिठाते थे, जबान लंबी है उसकी, इस बार नहीं बैठी. सेठ बोला, आखिरी का अंदर डाल देते, जगा खाली है."

"अंदर म्हणजे कुठे?"

"मेरेकू क्या मालूम बेटा. मैं तो चितर बनाता था, छापता थोडी था."

मी चहा अर्धाच टाकून उठले. त्यांना वाटलं, मी रागावले.

आता इथे थोडं धंद्यातलं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुस्तकाची पानं एकेक छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात, मग घडी घालतात आणि कापतात. त्याला आम्ही फॉर्म म्हणतो. दोन फॉर्म म्हणजे बत्तीस पानं. तेहेतिसावं पान फॉर्ममध्ये बसूच शकत नाही. एका पानासाठी कुणी नवा फॉर्म लावणार नाही. मग ते जाणार कुठे? कव्हरवर. कव्हरला चार बाजू असतात, बाहेरच्या दोन आणि आतल्या दोन. मागच्या कव्हरची आतली बाजू म्हणजे आमच्या भाषेत कव्हर तीन. नानांच्या सुट्या अंकांत कव्हर तीनवर कायम दंतमंजनाची जाहिरात असायची. पण शेवटच्या अंकाच्या वेळी प्रकाशक बुडत चालला होता. बुडत्या मालिकेला जाहिरात कोण देतो? म्हणून जागा खाली, आणि म्हणून शेवट तिथे.

आणि वाचनालयवाले बाइंडिंग करताना पहिली गोष्ट काय करतात? कव्हर फाडतात. पातळ, मळलेली कव्हरं शिवणीत मध्ये मध्ये यायला नकोत म्हणून सगळी काढून टाकतात आणि आतली पानं तेवढी शिवतात. सगळीकडे हीच पद्धत. बाकी अंकांचं त्यात काही बिघडलं नाही, नुसतं दंतमंजन गेलं. या एका अंकाचा शेवटच गेला.

रिक्षात बसल्या बसल्या मला हसायला आलं आणि लगेच रडूही आलं. दोघंही खरं बोलत होते. रशीदभाईंनी पान काढलं होतं, ते छापलंही गेलं होतं. नानांनी आपल्या डोळ्यांनी अंक बघितला होता, त्यात पान नव्हतं. मधल्या मधे एका बाइंडरच्या सवयीने दोन मित्रांची तोंडं फिरली होती.

पण हे नानांना सांगून ते ऐकतील असं मला वाटेना. मी फोनवर सांगून बघितलंच.

"त्यानं तुम्हाला बी गुंडाळलं व्हय," नाना म्हणाले. "पान दाखवा, मंग बोला."

पान कुठून दाखवणार? फाडलेली कव्हरं बाइंडरने कधीच रद्दीत टाकली असतील असं धरून मी दोन दिवस कपाळाला हात लावून बसले. बाइंड केलेलं ते पुस्तक माझ्याच टेबलावर होतं, परत करायचं होतं. ते पिशवीत घालताना त्याच्या पुठ्ठ्याचा झिजलेला कोपरा हाताला लागला. कोपरा फुगून त्याचे पदर सुटले होते. खऱ्या पुठ्ठ्याचे असे पदर सुटत नाहीत. मी भिंग आणलं. पदरांच्या कडांना रंग होता. एक पिवळा, एक लाल, मग पांढरा, मग परत लाल.

तो पुठ्ठा विकतचा नव्हताच. बाइंडरने फाडलेली कव्हरं एकावर एक खळीने चिकटवून, दाबून, त्यांचाच पुठ्ठा केला होता. वर कापड, आत साधा कागद. त्या काळी काहीही वाया घालवत नसत आणि पुठ्ठ्याला पैसे पडतात. मला त्या अनोळखी माणसाचा आधी जितका राग आला होता तितकंच आता त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

पण पुस्तक वाचनालयाचं. तिथल्या चौधरी मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही आमचं पुस्तक उसवणार?"

"उसवून परत नवं बाइंडिंग करून देणार. दोन्ही खंडही देणार."

"आणि आत काही निघालं नाही तर?"

"तरी बाइंडिंग देणार."

त्यांनी जरा विचार केला. मग त्या म्हणाल्या, "मी येऊन बसते. माझ्यासमोर करा."

त्या खरंच आल्या आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. मी मागचा पुठ्ठा सोडवून टेबलावर घेतला. भीती एकाच गोष्टीची होती. कव्हरचा चकचकीत कागद ओला झाला की त्याच्यावरचा मुलामा विरघळतो आणि शेजारच्या कागदाला असा घट्ट धरतो की सोडवताना चित्रच सोलून येतं. पण तेव्हाची कव्हरं बहुतेक क्रोमो कागदावर असत. क्रोमो म्हणजे एकाच बाजूने चकचकीत, दुसऱ्या बाजूने साधा. बाहेरचं रंगीत चित्र चकचकीत बाजूवर, आणि आतला मजकूर साध्या बाजूवर, फक्त काळ्या शाईत. साध्या कागदाला पाणी चालतं. खळही पिठाची होती, मोरचूद घातलेली, कारण निळसर दिसत होती. म्हणून तर इतकी वर्षं कसर लागली नव्हती.

सुती साडीचा जुना तुकडा ओला करून मी पुठ्ठ्यावर ठेवला, मग वाट बघितली, मग प्लास्टिकची पट्टी कडेने सरकवली. घाई केली की संपलं. पहिलं कव्हर सुटलं. दंतमंजन. दुसरं, परत दंतमंजन. तिसऱ्याचा कोपरा फाटला, पण तेही दंतमंजनच निघालं. चौधरी मॅडम मध्येच म्हणाल्या, "दात चांगले असतील तेव्हा लोकांचे." मी पट्टी पुढे सरकवत राहिले.

सगळ्यांत खालचं कव्हर उलटं केलं तर आधी घोड्याचे कान दिसले.

वर खळीचे डाग, एका बाजूला बारीक चीर. पण पान पूर्ण होतं. जमादार हौदाच्या कठड्यावर बसलेला. बिडी. झाडाची सावली आखूड झालेली. मग लांबून येणारा घोडा, वर चोर, लगाम ओढून मागे कललेला. मग घोडा पाणी पितोय आणि जमादार चोराला म्हणतोय, "उतर बाबा, त्याचं पिऊन होईस्तोवर दम खा." आणि चौकटीत 'समाप्त'. माझा जीव भांड्यात पडला. मी चौधरी मॅडमचा हात धरला आणि त्यांनीही तो सोडवून घेतला नाही.

पान वाळल्यावर मी ते दोन काचांत घालून बजाजनगरला नेलं. अविनाश सरही आले. नाना अंगणात बसले होते. मी काच त्यांच्या मांडीवर ठेवली. कुठे सापडलं, कसं सापडलं, सगळं सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळेना. बोट एकेका चौकटीवरून फिरत होतं आणि ओठ हलत होते.

"शब्द न शब्द माझा हाये," ते अखेर म्हणाले. "दम खा, हे बी ठेवलंय. मला वाटलं व्हतं, हे गाळंल तो."

नानांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला.

"त्यानं सांगितलं व्हतं मला, बाजारात जाऊन बघ म्हणून. म्या गेलो नाय." मग ते उठले. "गाडी आणली का साहेब? मंग चला उस्मानपुऱ्याला."

वाटभर त्यांनी काच मांडीवर धरून ठेवली. रशीदभाईंच्या दारात मात्र अडले. चप्पल काढायला इतका वेळ लावला की शेवटी आतूनच आवाज आला, "कौन है?"

"म्या हाये. नाना."

आत खुर्ची सरकली. मग रशीदभाई म्हणाले, "अंदर आ. बाहर धूप है."

नाना आत गेले. काच पुढे केली. रशीदभाईंनी खिडकीच्या उजेडात धरून पान बराच वेळ बघितलं.

"चुकलं माझं, रशीद," नाना जरा मोठ्याने म्हणाले, कारण रशीदभाईंना ऐकू कमी येत होतं. "म्या वाचनालयात बघितला, तर त्यात हे पान नव्हतंच. फाडलं व्हतं त्यांनी."

"मैं बोल्या था बाजार में देख. तू वाचनालय में कायकू गया?"

"अं?"

"अपनी खुद की किताब, नाना. फुकट में पढने गया तू. एक खरीद लेता तो इत्ते साल बच जाते अपने."

नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग ते हसले, आधी बारीक, मग खांदे हलेपर्यंत. हसता हसता डोळे पुसायला लागले आणि रशीदभाईंनी त्यांना हाताला धरून पलंगावर बसवलं. आत मुलगी चहा टाकायला गेली. मी आणि अविनाश सर दोन रिकाम्या खुर्च्यांवर उगाच बसून राहिलो.

दुसरा खंड महिन्याभरात आला. मनोगतातली ती ओळ नानांनी स्वतः खोडली आणि तिच्या जागी काय लिहायचं ते रशीदभाईंना विचारून लिहिलं. कव्हरवर दोन्ही नावं एकाच आकारात आहेत. शेवटचं पान काळ्या रंगातच छापलं. सर म्हणाले रंग भरून घेऊ, मी नाही म्हटलं. डागही ठेवले. वाचनालयाला पुस्तक नव्या, खऱ्या पुठ्ठ्यात परत गेलं. चौधरी मॅडमनी ते उलटं-सुलटं करून तपासून घेतलं.

नाना आता दर आठवड्याला रिक्षाने उस्मानपुऱ्याला येतात. दोघं मिळून नवा अंक करणार आहेत म्हणे. रशीदभाईंचा हात आता थरथरतो, पण ते म्हणतात, घोडा म्हातारा दाखवू. आत्तापर्यंत झालेल्या पानांची संख्या मी परवा विचारली, तर आकडा बत्तीसच्या पुढे गेला होता.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एवढंच शिकले, की पुस्तकाची पानं मोजताना कव्हरच्या चारही बाजू धराव्यात. आणि कुणाशी कायमचं भांडायचंच असेल, तर निदान प्रत विकत घेऊन भांडावं.